तळव्यांना लोणी

रविवार, ४ तारीख

आले एकदाची. दार माझं, किल्ली माझी, आणि खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन बसले तरी बघायला कुणी नाही. ही वही ताईने दिली. रोज फोनवर माझं डोकं खाण्यापेक्षा यात लिही, म्हणाली. तर लिहिते.

ताई आणि भाऊजी सामानासकट सोडायला आले होते. ताई जिना चढताना दमली आणि उतरताना रडली. भाऊजी म्हणाले, दोन तासांचा तर रस्ता आहे, सातासमुद्रापार पाठवल्यासारखी काय करतेस. त्यांच्या घरी मी अकरा वर्षं दिवाणखान्यात झोपले. पाहुण्यांची चाहूल लागली की आधी माझी गादी गुंडाळायची. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, हे खरं. पण आपणच आपल्याला अडगळ वाटायला लागलो की कुणी काही बोलायची गरज नसते. छत्तिसाव्या वर्षी का होईना, सुटले.

घर गल्लीच्या टोकाला आहे. खाली घरमालकीण मावशी राहतात, वर मी. मोठी खोली, स्वयंपाकघर, आणि मागे एक लहान खोली, तिला लागून न्हाणीघर. लहान खोलीची कडी बाहेरून आहे, आणि दाराला खाली एक झाकणवाली फट. भाऊजींनी विचारलं, हे उलटं काम कुठल्या सुताराचं. मावशी म्हणाल्या, मांजरांसाठी केलंय. त्या पिल्लं वाढवतात आणि विकतात. बाई मोठी गोड आहे. माझा हात हातात घेतला तर त्यांचा तळवा इतका मऊ आणि चकचकीत, की मला माझ्या हातांची लाजच वाटली.

उशी ताईकडेच विसरले. मावशींनी त्यांची एक आणून दिली. ताई उरलेली ट्रंक घेऊन १८ तारखेच्या रविवारी येणार आहे. तोवर मी राणी.

सोमवार, ५

काल काय झोप लागली. अशी झोप मला लहानपणानंतर आठवत नाही.

दुकानात पहिला दिवस. चष्म्याचंच दुकान, माझं नेहमीचंच काम, काचा घासायच्या, फ्रेमला बसवायच्या, नाकावरच्या गाद्या सरळ करायच्या. मालकांना सगळे काका म्हणतात. माझा स्क्रूड्रायव्हरांचा डबा बघून काका खूश झाले. स्वतःची हत्यारं बाळगणारं माणूस आता मिळत नाही, म्हणाले.

संध्याकाळी मावशींनी खाली बोलावलं. टोपलीत पिल्लं होती. सगळी गोड, पण एक करडी, डोळ्यांभोवती पांढरी गोल वर्तुळं असलेली, चष्मा लावल्यासारखी. शाळेत मला सगळे ढापणी म्हणायचे. म्हटलं, ही माझीच. नाव तिथेच ठरलं, ढापणी.

मावशींनी किंमत मजेशीर सांगितली. एक नाणं, आणि अंगावरून उतरवलेलं, न धुतलेलं एक कापड. फुकटचं मांजर टिकत नाही म्हणून नाणं, आणि वासाने ओळख पटावी म्हणून कापड. मी प्रवासातला पिवळा कुर्ता दिला. तो त्यांनी खोक्यात अंथरून वर पिल्लू ठेवलं.

मग मला समोर बसवून त्यांनी रीत समजावली. पहिले काही दिवस एकच खोली, दार बंद. लपून बसलं तर ओढून काढायचं नाही. रडलं तरी दार उघडायचं नाही, रडू द्यायचं. खायला आपल्याच हाताने, ठरल्या वेळी. आणि पंजांना लोणी लावायचं. मांजराला अंगाला लागलेलं सहन होत नाही, ते चाटत बसतं. चाटता चाटता घराचा वास पोटात जातो. लोणी संपेपर्यंत मांजर घराचं झालेलं असतं. शेवटी दार सताड उघडं ठेवून बघायचं. गेलं नाही तर समजायचं, रुळलं.

मी म्हटलं, म्हणजे माझं झालं. त्या हसल्या. कुत्रं माणसाचं असतं, मांजर घराचं, म्हणाल्या.

बुधवार, ७

ढापणीने घर डोक्यावर घेतलंय. लहान खोलीत खोक्यामागे बसून सारखी ओरडते. एवढ्याशा जिवात एवढा आवाज येतो कुठून? दोनदा वाटलं, जाऊ दे, दार उघडावं. पण रीत म्हणजे रीत. दाराशी बसून तिच्याशी बोलत राहिले. मावशी जिन्यावरून म्हणाल्या, छान जमतंय तुम्हाला.

पंजांना लोणी लावलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिला विष लावलं. मग इलाज नाही म्हणून चाटत बसली.

शुक्रवार, ९

दुकानाला आज सुट्टी. माझी खाट कालच लहान खोलीत हलवली. मी जवळ असले की ढापणी खाते, नाहीतर वाटीला तोंड लावत नाही. मोठी खोली तशीही फार मोठी वाटते, एकटीला काय करायची आहे. ताईला फोनवर सांगितलं तर हसली. अकरा वर्षं खोली खोली करत होतीस आणि आता मांजरासाठी कोपऱ्यात निजतेस, म्हणाली.

दुपारी जेवून पडले. उठले तर दोन्ही तळहात तेलकट. हुंगून बघितलं, लोणी. ढापणी अंगावरून फिरली असणार. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा होतं. साबण बाहेर होता, उठायचा कंटाळा आला, म्हणून चाटूनच टाकलं. लिहिताना लाज वाटतेय, पण इथे कोण वाचणार आहे.

शनिवार, १०

सकाळी परत हात तेलकट. ढापणी खिडकीत बसलेली, आणि तिचे पंजे कोरडे. मी बोट लावून बघितले.

मला भीती वाटली. उगाच नाही लिहीत, खरंच वाटली. खोलीत आणखी काय काय आहे ते बघायला लागले. उशीची शिवण एका बाजूने हाताची आहे. उसवली. आत कापसाच्या मधोमध एक घडी घातलेलं कापड, वापरून विरलेलं, निळ्या फुलांचं. मावशींचा झगा निळ्या फुलांचाच आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी ते नाकाशी धरलं आणि मला बरं वाटलं. घरी आल्यासारखं.

तडक खाली गेले. म्हटलं, मावशी, हा काय प्रकार आहे. त्या पायरीवर बसून मोठ्या मांजरीला विंचरत होत्या. ना रागावल्या, ना ओशाळल्या. मला रोज झोप लागते ना, असं उलट मलाच विचारलं. मी म्हटलं, घर तुमचं असेल, पण हे असलं मला चालायचं नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, घर त्यांचं नाही. त्याही वरच भाडेकरू म्हणून आल्या होत्या, अशाच एका रविवारी. मग मालक कोण, विचारलं, तर त्यांनी नुसता भिंतीवरून हात फिरवला, मांजरीच्या पाठीवरून फिरवतात तसा. कुरवाळलं की मांजर पाठ उंचावतं. मला वाटलं भिंत—

नाही. मला काहीही वाटलं नाही. डोळ्यांवर ताण आहे.

उद्याच ताईला फोन करून सांगणार, दुसरी जागा बघू. फोन मोठ्या खोलीत चार्जिंगला लावून ठेवलाय.

रविवार, ११

दार बाहेरून लावलंय.

आधी वाटलं लाकूड फुगलं असेल. ढकललं, ओढलं, लाथा घातल्या. कडीचा आवाज येतो, खुळखुळ. पलीकडे फोन वाजत राहिला. ताईच असणार, रविवारी तीच करते. वाजून वाजून थांबला. परत वाजला, आणि कुणीतरी उचलला. मावशी. सगळं ऐकू आलं मला. हो हो, मजेत आहे, झोपलीय आत्ता, जरा बुजरी आहे हो तुमची बहीण, पण रुळतेय.

मी ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले. माझ्याबरोबर ढापणीही ओरडायला लागली. पलीकडून मावशी फोनवर हसल्या. पिल्लू आहे ना, म्हणाल्या.

मग त्या दाराशी आल्या आणि बसल्या. माझ्याशी बोलत राहिल्या, हळू आवाजात, कितीतरी वेळ. मी ढापणीशी बोलले होते तशा. आता तुम्ही म्हणत नव्हत्या, तू म्हणत होत्या.

सोमवार, १२

खिडकीला गज आहेत. गल्ली दिसते, फाटक दिसतं, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई दिसते. मी हात बाहेर काढून हाका मारल्या. ती थांबली, बघितलं तिने, नीट बघितलं. मग खाली वाकून मावशींना विचारलं, ही अजून रडते का हो? मावशी अंगणातून म्हणाल्या, चारेक दिवस रडतात, मग गप होतात. ती बाई बरं म्हणाली आणि चिमटे लावायला लागली.

मला वाटत होतं ढापणीबद्दल बोलतायत. ढापणी तर झोपली होती.

दुपारी काका आले होते. फाटकातून त्यांचं टक्कल दिसलं. काका म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, आणि आवाज निघाला तो बारीक, चिरका. माझा नव्हताच तो. काकांनी वर बघितलं आणि मावशींना म्हणाले, मांजरं फार झालीयत तुमच्याकडे. तापात आहे म्हटल्यावर फळांची पिशवी ठेवून गेले. भला माणूस. पिशवी माझ्यापर्यंत आली नाही.

खाणं फटीतून येतं. झाकण उचललं जातं, चकचकीत हात वाटी आत सरकवतो. दूधपाव, उकडलेला मासा. चमचा नाही. पहिली वाटी मी भिंतीवर फेकली. दुसरी खाल्ली.

मंगळवार

आज पायांना. दोन्ही तळपायांना, टाचेपासून बोटांपर्यंत.

खाट मी दाराला टेकवून तीवरच झोपले होते. फटीतला हात खाटेवर पोचणं शक्य नाही. गज जागच्या जागी. मग लावतंय कोण? भिंत पहाटे उबदार लागते. मी तिच्याकडे पाठ करत नाही.

वर्तमानपत्राने पुसून काढलं. कागद टाकायच्या आधी हुंगला. नुसता हुंगला.

ढापणी आता रडत नाही आणि रुळतही नाही. दिवसभर गजांत तोंड घालून बाहेर बघते. तिचं लोणी कधीच बंद झालं. जे काय आहे ते मलाच लागतंय. नाणं मी दिलं, कापड मी दिलं, आणि वाटत होतं पिल्लू मी घेतलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ताई, हे वाचलंस तर हस.

बुधवार

ढापणीला सोडलं.

गजांतून ती मावते. खाली छपराची पट्टी आहे, तिथून कुंपणाची भिंत. आधी जाईना, माझ्या बोटाला धरून बसली. मग मी तिला ढकललं. हो, ढकललं. एकीने तरी जावं. पट्टीवर घसरली, सावरली, भिंतीवर जाऊन बसली. तिथून वर बघत राहिली. मी म्हटलं, जा. जा ना गं.

गेली नाही. भिंतीवरच आहे. घराच्या बाहेर, पण जात नाही.

खोली फार गप झालीय. मावशींनी झाकण उचलून हाक मारली, ढापणी, ये. मी फटीजवळ गेले तेव्हा कळलं की मी गेलेय.

गुरुवार

स्क्रूड्रायव्हरांचा डबा. बैल गेल्यावर झोपा करणारी मी. इतके दिवस पिशवीत, खाटेखाली, हाताशी होता.

बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत. स्क्रू गंजलेत, माझी हत्यारं चष्म्याची, नाजूक. पण बिजागरीच्या मधली खीळ खालून ठोकली तर वर सरकते. खालची निघाली. हात लोण्याने निसटतात. सारखे कुर्त्याला पुसते.

ताई रविवारी येईल. त्याच्या आत मी बाहेर. फाटकात उभी राहीन ट्रंक घ्यायला.

शुक्रवार

वरची खीळ हलेना. खाटेवर उभी राहून दिवसभर. मध्येच वाटीचा आवाज आला आणि मी उतरले. खाल्लं. परत चढायला किती वेळ गेला, माहीत नाही. उशीवर डोकं ठेवलं होतं, एवढं आठवतं. तीच उशी. मी ती फेकून का देत नाही?

शनिवार

निघाली. दार निघालं.

मोठी खोली, जिना, खालचं दार, सगळं सताड उघडं. मावशी पायरीवर. मला बघून त्या उठल्या नाहीत. उलट सरकल्या, वाट दिली. नुसत्या बघत राहिल्या.

फाटक उघडं. गल्ली. ऊन फार. सगळं मोठं, मोठ्यानं. एक सायकल गेली आणि माझं अंग—

चष्मा वरच राहिला होता. चष्म्याशिवाय मी जाणार कुठे. म्हणून परत आले. तेवढ्यासाठीच. मग पर्स. मग वाटलं, जरा पडावं, मग जावं.

चष्मा डोळ्यांवरच होता.

खाटेखाली आहे. इथे बरं वाटतं. दार उघडंच आहे. कुणी लावत नाही आता.

रविवार

ताई आलीय. तिचा आवाज. भाऊजी गाडीशी. मावशी सांगतायत, काल कुठे निघून गेली बाई, दार मोडून, आम्हीही शोधतोय.

ताई जिन्यावर. दमलीय. दर पायरीला माझं नाव.

खोलीत आली. तिच्या चपला दिसतात. डाव्या अंगठ्याचं नख तसंच वाकडं. मोडलेल्या दाराशी उभी राहून रडतेय. हात लांब केला तर पोचेल माझा. खाटेखाली वाकून बघायचं तिच्या मनातच येत नाही. एवढी मोठी बाई कुणी खाटेखाली शोधतं का?

ताई मी इथे आहे. हे म्हणायचं. एवढंच म्हणायचं. तोंड उघडलं. आवाज नको तो निघाला तर—

हात आधी स्वच्छ करते. असे हात तिला कसे लावू.

खाली गेली. भाऊजी म्हणतायत, पोलिसांत जाऊ. ताई म्हणतेय, भिंतीवर ते बघा, चष्मेवालं पिल्लू, तिचंच, फोनवर सांगत होती, मी हिला इथे ठेवणार नाही. ढापणी तिच्या कडेवर. एकदाही ओरडली नाही.

गाडीचं दार.

जाते. आत्ता जाते. धावले तर फाटकात गाठेन. फक्त हे अंगठ्याजवळचं एवढं राहिलंय, एवढं संपलं की—